व्यंकटचा खरा फोटो

चार माणसं घर सोडून लांब गेली आणि एका तंबूत राहिली, की परत येताना पिशव्या हलक्या असतात आणि गोष्टी जड. आम्ही पंजाबातून परत आलो त्याला आता एक सुगी होऊन गेली. तरी औशाला बाजारच्या दिवशी आमच्यातला एक जण जरी चहाला बसलेला दिसला, तरी शेजारच्या टेबलावरचा माणूस आपली खुर्ची ओढत आणतो आणि म्हणतो, "अप्पा, त्ये स्टेजखालचं सांगा की."

स्टेजखालचं सांगितलं की गेटवरचं निघतं. गेटवरचं निघालं की नळावरचं. चहा गार होतो. हॉटेलवाला आधी वैतागतो, मग गल्ला सोडून तोही ऐकायला येतो.

मी सावकाश बोलणारा माणूस. मधेच कुणाची तरी बस लागते आणि गोष्ट अर्धी राहते. म्हणून आज एका बैठकीत सांगून टाकतो.

*

पहिल्यांदा बॅनरचं सांगितलं पाहिजे, नाहीतर आम्ही एवढ्या लांब कशाला गेलो हेच कळायचं नाही.

व्यंकट माझ्या शेजारचा. वय चाळिशीचं, जमीन बरी, तोंड फटकळ, मन साफ. त्याला पंचायत समितीला उभं राहायचं होतं. त्याच गणातून, त्याच पक्षाकडून, त्याच्या चुलतभावाला, संग्रामलाही उभं राहायचं होतं. भाऊ दोन आणि तिकीट एक.

पक्षाचं देशाचं अधिवेशन पंजाबात होणार असं कळलं, आणि इकडं व्यंकटनं आमच्या फाट्यावर भला मोठा बॅनर लावला. पक्षाचे सगळ्यात मोठे साहेब आणि व्यंकट, शेजारी शेजारी. साहेबांचा हात व्यंकटच्या खांद्यावर. खाली काय लिहिलं होतं ते मला लोकांनी वाचून दाखवलं: 'साहेबांचा विश्वासू सहकारी'.

दोन दिवस लोक बॅनरखालनं गेले आणि कुणाला काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी संग्राम आला. गाडीवरनं उतरला नाही. एक पाय खाली टेकवून वर बघत राहिला. मग म्हणला, "साहेबांनी दोन्ही हात जोडलेत. मग व्यंकटच्या खांद्यावर हाय त्यो हात कुणाचा?"

खरंच की. समोर दोन हात नमस्काराला जोडलेले आणि तिसरा व्यंकटच्या खांद्यावर. बॅनरवाल्यानं तो दुसऱ्याच कुठल्या फोटोतला आणून चिकटवला होता. नीट बघितलं तर त्या हातात बांगडी पण होती.

मग काय, औशापासून लामजन्यापर्यंत हसू पसरलं. व्यंकट हॉटेलात आला की कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचं आणि विचारायचं, "ह्यो माझाच हाय, चालंल का?"

एक दिवस दोघं भाऊ हॉटेलात समोरासमोर आले. सगळे ऐकत होते. संग्राम शांतपणे म्हणला, "अधिवेशनाला चाललास ना? मग खरा फोटो आण. साहेबासंगं. आणलास तर मी तिकीट मागत न्हाई, तुझ्या प्रचाराला फिरतो. न्हाई आणलास तर तू माझ्या प्रचाराला फिर."

"फिरलो," व्यंकट म्हणला. एवढंच. आणि चहा तसाच ठेवून उठला.

संध्याकाळी त्याची आई माझ्याकडं आली. "अप्पा, ह्यो तिथं जाऊन कुणासंगं तरी भांडंल. तुमी संगं जावा."

"मी तिथं जाऊन काय करू गं?"

"काईच करू नका. नुसतं बसा."

ते मला जमण्यासारखं होतं. म्हणून गेलो.

*

अधिवेशनाच्या कामाला लातूरकडून आम्ही तिघं. मी, व्यंकट आणि उदगीरचे मैनोद्दीनभाई. मैनोद्दीनभाई आचारी. लग्न कुणाचंही असो, सभा कुठलीही असो, भात त्यांच्या हातचा. नांदेडला अमृतसरच्या गाडीत बसलो तिथं नायगावचे दिगांबरराव भेटले. पक्षातले जुने कार्यकर्ते. आमच्यासंगं ते तिकडं जाईपर्यंत आणि परत येईपर्यंत होते, आणि जवळजवळ सगळा वेळ त्यांचं एकच चालू होतं. लातूरपेक्षा नांदेड मोठं.

गाडीत वाटेतल्या स्टेशनांवर सरदार लोक डाळ-रोटी घेऊन खिडकीशी येतात. ताट पुढं करा, वाढतात, हात जोडतात. दिगांबररावांनी डाळ भुरकली आणि म्हणले, "बघा. नांदेडच्या गाडीत हाव म्हणून. लातूरच्या गाडीत कुणी पाणी तरी इचारतंय का?"

व्यंकट म्हणला, "लातूरच्या गाडीत लोक घरून जेवून बसतेत."

पंजाबात उतरलो तर खरंच दिगांबररावांचा भाव वाढला. मैदानावर मंडपाचं काम एका म्हाताऱ्या सरदारजींकडं होतं. त्यांनी विचारलं, "कहाँ से आए हो?"

व्यंकट म्हणला, "लातूर."

सरदारजींनी मान हलवली. ओळख पटली नाही.

दिगांबरराव म्हणले, "नांदेड."

सरदारजी खुर्चीतनं उठले. डोळे मिटून नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला हात जोडले. "हुज़ूर साहिब!" लगेच दूध आलं, गूळ आला, दिगांबररावांना खुर्ची आली. आम्ही तिघं उभे.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं तर मैनोद्दीनभाई सरळ म्हणले, "नांदेड के बाजू से."

दिगांबरराव चिडले. "उदगीर कुठं आन् नांदेड कुठं?"

"बाजूच है. यहाँ से देखो तो दोनो एकीच जगह पे है."

मग सरदारजी दिगांबररावांशेजारी येऊन बसले. त्यांचा हात हातात घेतला. "आप तो किस्मत वाले हो. रोज़ दर्शन करते होंगे?"

दिगांबररावांनी चष्मा पुसला. सगळा जन्म नायगावात गेला. नांदेड तासाभराच्या वाटेवर. कोर्टाला गेले, धान्य घेऊन मोंढ्याला गेले, दवाखान्यात गेले. गुरुद्वाऱ्यात कधी पाय ठेवला नव्हता. सरदारजी बघतायत. आम्ही पण बघतोय. शेवटी दिगांबरराव म्हणले, "हमारी बस उधर से ही जाती है ना."

मी एकदा घरच्यांना घेऊन गेलो होतो. लंगरात बसून जेवलो होतो. तेवढं मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. सरदारजींना इतका आनंद झाला की ते म्हणले, "बाबाजी, कोई काम हो तो बोलना."

मी व्यंकटकडं बोट केलं. "ह्येला साहेब के पास जाना है."

"कल भाषण है. मैं इसको सब से नज़दीक बिठा दूँगा."

व्यंकटनं माझ्या पायाला हात लावला.

*

तर स्टेजखालचं ते हे.

दुसऱ्या दिवशी व्यंकट कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून गेला. ते कपडे त्यानं लातूरहून वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते, आणि गाडीत आम्हाला त्या पिशवीवर डोकं टेकू दिलं नव्हतं. सरदारजींनी त्याला नेलं, आणि दिलेला शब्द पाळला. सगळ्यात जवळ बसवलं. स्टेजच्या खाली.

स्टेजखाली वायरींचं जाळं होतं. तिथं कुणी शिरू नये, वायरीला कुणाचा पाय लागू नये, म्हणून एक भरवशाचा माणूस बसवायचा असतो. सरदारजींना व्यंकट भरवशाचा वाटला. ओणव्यानं आत जायचं आणि भाषण संपेपर्यंत बाहेर यायचं नाही.

साहेब तासभर बोलले. लाखभर लोकांनी लांबून ऐकलं. व्यंकटनं बरोबर त्यांच्या पायाखाली बसून ऐकलं. मधी फळी एक.

तो बाहेर आला तेव्हा पांढरे कपडे करडे झाले होते आणि कानात दडे बसले होते. दिगांबरराव वाटच बघत होते. "काय व्यंकटराव, जवळ गेलात का?"

"एवढ्या जवळ आजवर कुणी गेलं नसंल," व्यंकट म्हणला.

"फोटो?"

व्यंकटनं फोन पुढं केला. त्यानं खरंच एक फोटो काढला होता. सगळा काळा. मधी दोन फळ्यांच्या फटीतनं उजेडाची एक रेघ.

दिगांबररावांनी फोन उभा धरला, आडवा धरला, चष्मा वर केला. "ह्यात बुटाचा तळ कोणता म्हणायचा?"

*

मला गेटवर बसवलं होतं. स्टेजकडं जायचं छोटं गेट. तिथल्या कार्यालयातल्या माणसानं बजावलं, गळ्यात लाल पट्टी असली की सोडायचं, नसली की बसवायचं. मला वाचता येत नाही, पण लाल कळतं. म्हणून मी खुर्ची टाकून बसलो.

दुपारी एक गृहस्थ आले. जाकीट चांगलं, चालणं जरा लंगडं. पट्टी नाही. मी म्हणलं, "बैठो."

"आपने मुझे पहचाना नहीं?"

"नही पहचाना," मी म्हणलं. "अब पहचान होगी. बैठो."

ते थोडा वेळ इकडं तिकडं बघत राहिले. कुणी धावत येईल अशी त्यांना आशा असावी. कुणी आलं नाही. मग बसले. बसताना 'आह' केलं.

"गुडघा का?" मी माझ्याच गुडघ्यावर हात ठेवून विचारलं.

त्यांना ते कळलं. मग गुडघ्याचं निघालं. कुठला डॉक्टर, कुठलं तेल, जिना चढताना दुखतं की उतरताना. मी म्हणलं, आमच्याकडं एरंडाचं पान तापवून बांधतात. त्यांनी ते नीट विचारून घेतलं. पान कोवळं का जून, वरची बाजू आत का बाहेर. आम्ही बोलत होतो तोवर स्टेजवरचा अर्धा कार्यक्रम झाला.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ पुन्हा आले. या वेळी गळ्यात लाल पट्टी होती. मी उठून गेट उघडलं, तर म्हणले, "नहीं नहीं," आणि कालच्याच खुर्चीवर बसले. गुडघ्याला पान बांधलेलं दाखवलं.

तेवढ्यात व्यंकट डबा घेऊन आला. त्यांना बघून तसाच थिजला. ते निघून गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणला, "अप्पा, ते कोण हायत म्हाईत हाय का? मंत्री होते! साहेबांच्या घरात थेट जातेत. काय बोललात तुमी दोन दिवस?"

"गुडघ्याचं."

"आन् माझ्या फोटोचं?"

"तुझ्या फोटोचं मधी आलंच न्हाई बाबा."

व्यंकट डबा घेऊन तसाच परत गेला. माझं जेवण त्यातच होतं.

*

नळावरचं सांगताना मला अजून वाईट वाटतं, पण लोक जास्त हसतात ते त्यालाच.

आम्हा लिंगायतांत सकाळी आंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाहीत. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, आणि पूजा पुरी होईपर्यंत तोंडातनं शब्द काढायचा नाही. तिथल्या थंडीत धुकं असं, की दहा पावलांवरचं धड दिसत नव्हतं. तरी मी तंबूच्या तोंडाशी सतरंजीवर बसलो होतो. शेजारी पत्र्याच्या आडोशाला व्यंकट आंघोळ करत होता. समोर मैनोद्दीनभाई मोठ्या पातेल्यात पाईपनं पाणी भरत होते. दिगांबरराव आत रजईत.

धुक्यातनं एक माणूस आला. माकडटोपी, शाल, पायात कॅनव्हासचे बूट. फिरायला निघालेला दिसत होता. मागं जरा अंतरावर दोघं तिघं. मैनोद्दीनभाई मान वर न करता म्हणले, "ओ मामू, बाजू सरको. पाईपपे पाँव नक्को देव."

तो माणूस बाजूला सरकला. उलट पाईप उचलून त्यांच्या हातात दिला.

मग माझ्यासमोर येऊन थांबला. टोपी जरा वर केली. तेव्हा मी चेहरा बघितला. आमच्या फाट्यावर रोज बघितलेला चेहरा. साहेब.

"बाबा, ठंड नहीं लगती?"

माझ्या तळहातावर लिंग. बोलायचं कसं? मी नुसता बघत राहिलो. त्यांना पूजा कळली असावी. त्यांनी बूट काढले, हात जोडले आणि गप्प उभे राहिले. आडोशामागनं व्यंकट ओरडत होता, "मैनोद्दीनभाई, जरा गरम पाणी द्या की, साबण डोळ्यात गेला!"

साहेबांनी तिकडं बघितलं, हसले, बूट घातले आणि धुक्यात गेले.

पूजा संपल्यावर मी सांगितलं. व्यंकट पंचा गुंडाळून, कानात साबण तसाच, रस्त्यावर पळत गेला. बऱ्याच वेळानं दात वाजवत परत आला.

"अप्पा, एक शब्द. एक शब्द बोलला असता तर मी साबण लावून फोटो काढला असता."

"पूजेत कसं बोलू रे?"

"मग खोकायचं तरी होतं."

मैनोद्दीनभाई पातेल्याला टेकून बसले होते. त्यांचं वेगळंच दुःख. "मैं साहब कू मामू बोल्या," ते परत परत म्हणत होते. "साहब कू बाजू सरको बोल्या मैं."

रजईतनं दिगांबररावांनी डोकं बाहेर काढलं. "कोण आलतं?"

त्या दिवशी व्यंकटनं मला नेहमीसारखा चहा आणून दिला. पण कप ठेवला आणि लगेच वळून गेला. त्याच्या फोनवर संग्रामचा निरोप येऊन पडला होता, 'प्रचाराचं पत्रक छापायला टाकू का?' मैनोद्दीनभाईंनी तो मला वाचून दाखवला.

*

आता शेवटच्या दिवसाचं.

अधिवेशनात जेवण उभ्यानं. रांगेत जायचं, थाळी घ्यायची, कुठंतरी उभं राहून खायचं. मैनोद्दीनभाईंना पहिल्या दिवसापासून ते बघवत नव्हतं. "खडे रह के तो घोडा खाता," म्हणायचे. भाषणं संपली, पाहुणे पांगले, आणि फक्त कामाला आलेली आम्ही पंचवीस-तीस माणसं राहिलो. तेव्हा ते म्हणले, "आज बैठ के. आज अपना खाना."

माझ्या घरून येसराचा डबा आला होता. भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ. आमच्याकडं लग्नात आमटी करतात ती त्याचीच. मैनोद्दीनभाईंनी येसराची आमटी केली, आणलेल्या पिठाच्या भाकरी थापल्या. भटारखान्यामागं मंडपाच्या कापडाच्या पट्ट्या अंथरल्या आणि पंगत बसली. बिहारची माणसं, केरळची माणसं, सरदारजी, आम्ही. वाढायला व्यंकट. डाव्या हातात आमटीची बादली, उजव्या हातात पळी. त्यानं ते स्वतःहून घेतलं. म्हणला, "आता दुसरं काय काम ऱ्हायलंय मला?"

पहिला घास घेतला न घेतला, तोच कनातीचं कापड बाजूला झालं.

"क्या खुशबू है भाई."

साहेब. मागं दोन पहारेकरी. ते दाराशीच पाठ करून उभे राहिले. पंगत उठायला लागली, तर साहेबांनी हातानं बसवली आणि सरळ येऊन माझ्या आणि दिगांबररावांच्या मधी मांडी घालून बसले. दिगांबररावांचा घास हातातच राहिला.

व्यंकटनं वाढलं. एक थेंब सांडला नाही. साहेबांनी माझ्याकडं बघून भाकरी आमटीत कुस्करली आणि जेवायला लागले. दोनदा आमटी मागून घेतली.

व्यंकटच्या खिशात फोन. समोर साहेब, हाताच्या अंतरावर. पण जेवत्या माणसापुढं आपलं काम काढायचं नाही, हे आमच्याकडं कुणी शिकवत नाही, ते असतंच. त्यानं मनात धरलं होतं, पंगत उठली की हातावर पाणी घालायचं आणि तेव्हा विचारायचं. हे त्यानं मला नंतर सांगितलं. तेव्हा नुसता बादली घेऊन फिरत होता, आणि दर फेरीला येऊन आमच्यासमोर थांबत होता.

एकेकाचं जेवण झालं. हात ताटावर धरून सगळे बसून राहिले. साहेबांचं झालं. त्यांचा सेक्रेटरी आत आला, "सर, गाड़ी."

साहेब उठायला लागले, तसा दिगांबररावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दारातले पहारेकरी वळले.

"साहब, बैठो," दिगांबरराव म्हणले. "अप्पा का होना है अभी."

साहेबांनी पंगतीवरनं नजर फिरवली. सगळ्यांची ताटं रिकामी, आणि कुणीच हललेलं नाही. "सब इनके लिए रुके हैं?"

"हौ," मैनोद्दीनभाई म्हणले. "आखरी आदमी का हुए बगैर नही उठते हमारे में."

साहेब खाली बसले.

सगळी पंगत माझ्या तोंडाकडं बघायला लागली. माझे दात थोडे. घास मी घोळवून घोळवून खातो. त्यात व्यंकट समोर उभा, आणि त्याच्या डोळ्यात एकच, अप्पा, उरका. मी घाई केली. येसर तिखट. ठसका लागला. साहेबांनी तांब्या उचलून पाणी दिलं, पाठीवरनं हात फिरवला. "आराम से, बाबा."

सेक्रेटरी म्हणला, "सर, विमान."

"रुकेगा."

मग त्यांनी वर बघितलं. व्यंकट तिथंच खांबासारखा. "ये भाई साहब कुछ कहना चाहते हैं?"

व्यंकटचं तोंड उघडलं. ज्यासाठी तो एवढ्या लांब आला होता, स्टेजखाली बसला होता, साबण लावून पळाला होता, ते सगळं जिभेवर आलं. आणि तो म्हणला, "आमटी?"

"नहीं, बस," साहेब म्हणले.

मैनोद्दीनभाईंना राहवलं नाही. "साहब, इनकू फोटो होना. फोटो के वास्तेच लातूर से आए ये."

"अरे, तो पहले बोलना था." साहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी डाव्या हातानं व्यंकटच्या खिशातला फोन काढला. उष्ट्या हाताचं एक बोट धोतराला... नाही, धोतर माझं होतं, माझ्याच धोतराला पुसलं आणि कॅमेरा चालू केला. एक डोळा मिटला.

"बाल्टी थोड़ी ऊपर. हाँ. हँसिए."

खटक.

त्यांनी फोटो बघितला, "बढ़िया" म्हणले, आणि फोन व्यंकटच्या खिशात परत ठेवला. माझ्याकडं वळून हात जोडले. "बाबा, इजाज़त?" माझ्या तोंडात घास. मी मान हलवली. साहेब गेले.

पंगतीतलं कुणीच उठलं नाही. माझे अजून दोन घास होते. ते झाले तेव्हा गाड्यांचा आवाज पार रस्त्याला लागला होता.

परतीच्या गाडीत व्यंकट खिडकीशी बसून होता. दिगांबररावांनी नांदेड येईपर्यंत लातूरला एकदाही नाव ठेवलं नाही.

औशाला उतरलो तर हॉटेलात माणसं जमलेली. संग्राम मधल्या टेबलावर. व्यंकट त्याच्यासमोर बसला आणि फोन पुढं सरकवला. संग्रामनं बघितलं. कनातीचं कापड, पांढऱ्या मळक्या कपड्यातला व्यंकट, एका हातात बादली, एका हातात पळी, तोंड अर्धवट उघडं. फोन हॉटेलवाल्याकडं गेला, चार हातांतनं फिरला आणि परत संग्रामकडं आला.

"ह्यात साहेब कुठंयत?"

व्यंकटनं चहा बशीत ओतला. फुंकर मारली.

"फोटो काढायलेत."